होमस्कूलच्या मुलांचा एक शनिवार: तांबट, द्राक्षाची शाई आणि आजीची मोट

गोदाकाठ
रविवार, सकाळी ७.१०

काल आमच्या होमस्कूल गटाचा, म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकणाऱ्या मुलांचा, चित्रं-गाणी-गोष्टींचा दिवस झाला. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून चहा ठेवायच्या आधी लिहायला बसले आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही सहा घरं, अकरा मुलं. सगळ्यात धाकटी पाच वर्षांची, मोठा बाराचा. एरवी आठवड्यातून दोनदा कुणाच्या तरी घरी भेटतो. या खेपेला नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे एका मैत्रिणीच्या मळ्यात जमलो. ऐसपैस पडवी, समोर उंबर, त्याच्या पलीकडे द्राक्षबाग. मी रीतसर वेळापत्रक केलं होतं. नऊ ते दहा चित्र, दहा ते अकरा गाणं, अकरा ते बारा गोष्ट. ते दहाच्या आतच मोडलं.

सुरुवात अशी की सगळ्यांनी पडवीत डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐकायचं आणि मग ऐकलेल्या आवाजाचं चित्र काढायचं. दोनेक मिनिटांत एक मुलगी कुजबुजली, "मोटर चालू आहे." दुसरा म्हणाला, "नाही, कुणीतरी काहीतरी ठोकतंय." टुक्, टुक्, टुक्, एका लयीत, न थांबता. डोळे उघडून शोधाशोध सुरू झाली. उंबराच्या शेंड्याला चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, गळ्याशी पिवळा आणि कपाळावर लाल टिळा असलेला पक्षी. तांबट! आवाज काढताना त्याचा गळा फुगत होता आणि मान डावी-उजवीकडे वळत होती, त्यामुळे आवाज कधी जवळून आल्यासारखा वाटे, कधी लांबून.

एका मुलाचे आजोबा सोबत आले होते. त्यांचं सगळं आयुष्य तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कामात गेलं. ते उठले, गाडीतून एक जुना तांब्याचा हंडा आणि लाकडी मोगरी घेऊन आले आणि म्हणाले, "याचं नाव आमच्यावरनं पडलंय." मग त्यांनी हंड्यावर तस्साच ठेका धरला. पक्षी वर, आजोबा खाली. मुलं एकदा वर बघत होती, एकदा खाली. पोटावर ठोकलं की आवाज वेगळा, काठाजवळ वेगळा, बुडाशी अगदी बसका. आजोबांनी सांगितलं की ठोके देता देता भांडं कुठे पातळ झालंय ते कानाला कळतं, हात नंतर लावायचा. तांबट लेनमध्ये त्यांच्या लहानपणी सकाळी इतका ठणठणाट असायचा की घरात बोलायला मोठ्याने बोलावं लागे.

आता मी मुलांना "चला, चित्राचा तास" असं कसं म्हणणार? चित्रं झाली, पण ती अशी: एकीने नुसते ठिपके काढले, एकसारख्या अंतरावर, आणि जिथे तांबट मध्येच थांबला तिथे मोकळी जागा सोडली. सहा वर्षांची आहे ती. मी तो कागद बराच वेळ बघत राहिले.

मग चिनीमातीचे वाडगे मांडले. पाणी कमी-जास्त करून लाकडी चमच्याने वाजवायचे, जलतरंगासारखे. एक वाडगा फुटला, कुणाला लागलं नाही. पाणी वाढवलं की सूर खाली जातो हे मुलांनी आपणहून शोधलं. तेवढ्यात एकाने पाण्याच्या बाटलीत फुंकर घातली आणि तिथे उलटंच झालं, पाणी वाढवलं की सूर वर! यावर जो वाद पेटला तो जेवेपर्यंत विझला नाही. मला नीट समजावता आलं नाही, इथे कुणी सांगितलं तर बरं होईल.

रंगांसाठी मैत्रिणीने बागेतले काळ्या द्राक्षांचे गळालेले मणी गोळा करून ठेवले होते. सालं कुस्करून गाळली की गडद जांभळी शाई होते. त्यात लिंबू पिळलं की गुलाबी, खायचा सोडा टाकला की हिरवट-निळी. हळदीत चुना घातला की लाल. धाकट्यांनी पुठ्ठ्यावर गेरू फासून वारली चित्रं केली. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगले.

आणि मग आजी. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई, वय ७८, माहेर निफाडकडचं. त्या गोष्ट सांगणार म्हणून मी त्यांना आधी दोन पुस्तकं नेऊन दिली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मुलांना विचारलं, "मोट माहितीये का कुणाला?" कुणालाच नाही. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची मोठी पिशवी.

आजी सात वर्षांच्या असताना वडिलांना भाकरी घेऊन विहिरीवर जायच्या. वडील मोट हाकताना गायचे. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली उतरताना वडील नाड्यावर, मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, बसायचे, मोट भरून वर यायची, थारोळ्यात, विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडीत, पाणी पडायचं, आणि मग बैल उलट्या पावलांनी पुन्हा वर चढायचे. हौशा आणि पाखऱ्या. एकदा वडिलांना ताप आला, घसा पार बसला. कांद्याला पाणी तर द्यायलाच हवं. वडिलांनी बैल जुंपले, पण गाणं नाही म्हटल्यावर पाखऱ्या जागचा हलेना. हौशा निघाला, पाखऱ्या उभा, जू वाकडं. मग सात वर्षांची ही पोर पाखऱ्याच्या कानाशी उभी राहून वडिलांचं गाणं म्हणायला लागली. आधी त्याने नुसते कान हलवले. तिचा आवाज बारीक, त्याच्या ओळखीचा नाही. मग तिने वडिलांसारखा शेवटचा सूर लांबवला, आणि त्या सुरावर तो निघाला. दुपारपर्यंत ती धावेवर बैलांबरोबर वर-खाली चालत गात होती. तीन वाफे भिजले.

मुलांनी विचारलं, "तुम्ही पण नाड्यावर बसलात?" आजी म्हणाल्या, "माझं वजन ते काय! मी बसले असते तर नाड्यानंच मला उडवली असती."

"आजी, ते गाणं म्हणा ना." आणि इथे सगळी पडवी गप्प झाली, कारण आजींना शब्द आठवेनात. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "शब्द गेले गं. चाल राहिलीये." आणि त्यांनी नुसती चाल म्हटली. होऽऽ, हो होऽऽ. चारच सूर असतील, पण शेवटचा इतका लांब की मुलांचे श्वास रोखलेले. पुढे म्हणाल्या, "इंजिन आल्यावर वडील विहिरीवर गायचे नाहीत. गाऊन काय, इंजिन ऐकतंय का?"

त्या चालीवर मुलांनी शब्द बसवले. कुणी सांगितलं नव्हतं. जेवणं झाल्यावर चौघीजणी उंबराखाली बसल्या आणि हे घेऊन आल्या:

चल रे हौशा, चल पाखऱ्या,
पाणी आलंय वर,
कांद्याला लागलीय तहान,
थारोळं आमचं भर.

आजींनी ते चालीत म्हणून बघितलं, "कांद्याला"पाशी अडखळल्या, म्हणाल्या, "इथं बैल वळतो, इथं लांब शब्द नको." मुलींनी बसून तो बदलला: "वाफ्या लागली तहान." मग मोठ्या कागदांवर गोष्टीची सात चित्रं झाली, द्राक्षाच्या शाईने. संध्याकाळी पाच वाजता सगळे पालक आले तेव्हा एकेक चित्र उभं धरून मुलांनी गोष्ट सांगितली, मध्ये मध्ये गाणं, आणि ठेक्याला हंडा.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, मला आता चित्र, गाणं, गोष्ट असे वेगळे तास करावेसेच वाटत नाहीत. कुणी असं एकत्र चालवता का? दर आठवड्याला हे कसं जमवता?

दुसरी जास्त जवळची आहे. आमच्या गटात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, शाळा सोडून पाचच महिने झालेत. पूर्वी एका चित्रकलेच्या वर्गात त्याने झाडं जांभळी रंगवली म्हणून त्याचा कागद सगळ्यांदेखत फाडला होता. तेव्हापासून तो हातात ब्रश धरत नाही. काल दिवसभर तो आमच्याकडे पाठ करून पायरीवर बसला होता. गोष्ट ऐकली, एवढं नक्की. बाकी कशातच आला नाही. मी त्याला बोलवावं की राहू द्यावं?

---

द्राक्षबागायतदार
रविवार, सकाळी ८.०२

ताई, फार छान. पण एक काळजीचं सांगतो. गळालेले मणी वापरले ते ठीक, पण हंगामात बागेवर फवारण्या सुरू असतात. बागवाल्याला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा आणि मणी दोन-तीन पाण्यातून धुवून घ्या. मोठी ऐकतात, पण पाच वर्षांची मुलगी बोट चाटणारच.

---

गोदाकाठ
रविवार, सकाळी ८.१५

धुतले होते दादा, पण फवारणीचं विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी नक्की. मनापासून आभार.

---

त्रिताल
रविवार, सकाळी ९.३०

वाडगा आणि बाटलीचं सांगतो, कारण माझ्या वर्गात दरवर्षी हा प्रश्न येतो. वाडग्यावर ठोकलं की थरथरतं ते भांडं. पाणी म्हणजे त्याच्या अंगावर चढवलेलं ओझं. ओझं वाढलं की थरथर मंदावते, सूर उतरतो. बाटलीत फुंकर घातली की थरथरते ती आतली हवा. पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते आणि आखूड हवेचा सूर चढा, बासरीची जवळची भोकं मोकळी केल्यावर होतो तसा. मुलांना वाडग्याच्या काठाला बोट लावून ठोकायला सांगा, आवाज लगेच मरतो. मग बाटलीला घट्ट धरून फुंकायला सांगा, काही फरक पडत नाही. न सांगता समजतं.

चालीबद्दल: चारच सूर असले तर ते कमी समजू नका. भूप राग पाच सुरांचाच आहे, सा रे ग प ध, आणि त्यात माणसं आयुष्य घालवतात. मोटेच्या गाण्यातली खरी गोष्ट शेवटचा लांब सूर. बैलाला किती पावलं चालायचीत त्यावर तो किती लांबवायचा ते ठरतं. म्हणून "इथं बैल वळतो" हे आजींचं वाक्य माझ्या दृष्टीने तालाचा पहिला धडा आहे. मी मुलांना दादरा सहा मात्रांचा आणि केरवा आठ मात्रांचा असं बोटांवर मोजून शिकवत आलो. आता आधी चालायला सांगणार.

एक विनंती, आजींची चाल आजच रेकॉर्ड करून ठेवा. मोबाईलवर झाली तरी चालेल.

---

मीठभाकर
रविवार, सकाळी १०.४५

+१ रेकॉर्डिंगला. माझी आजी गेली आणि तिच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, मला वाटायचं हे काय जुनंपुराणं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता नेटवर ऐकायला मिळतात. मी त्यात आजीची एखादी ओवी सापडते का म्हणून रात्र रात्र ऐकत बसते. तशाच वळणाच्या खूप सापडल्या. तिची नाही.

---

नागलीभाकर
रविवार, दुपारी १२.२०

धागा आवडला, म्हणूनच एक मन मोकळं करतो. राग मानू नका.

मी सुरगाण्याकडचा. "धाकट्यांनी पुठ्ठ्यावर वारली चित्रं केली" हे वाक्य दर ठिकाणी वाचतो. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले, वर गोल काढला, झाली वारली. आमच्याकडे भिंतीवर चौक लिहितात तो लग्नात. सवाष्णी लिहितात, तांदळाच्या पिठाने, गेरू-शेणाच्या भिंतीवर, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने. मधोमध पालघट देवी. आणि चौक लिहिला जात असताना धवलेरी, लग्नाची गाणी म्हणणारी बाई, गात असते. गाणं नाही तर तो चौक नाही. म्हणजे तुमची मुलं दुपारी उंबराखाली जे करत होती, चित्र-गाणं-गोष्ट एकत्र, ते वारलीच्या जास्त जवळचं होतं. पुठ्ठ्यावरच्या त्रिकोणांपेक्षा.

जिव्या सोमा म्हशेंनी हे चित्र भिंतीवरून कागदावर नेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हाला अभिमान आहेच. त्यामुळे कागदावर काढू नका असं मी म्हणत नाही. पण मुलांना तारपा नुसता चित्रात दाखवू नका, एकदा ऐकवा. दुधी भोपळा आणि बांबूचा असतो. वाजवणारा दम न तोडता वाजवत राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती गोल फिरतात. त्या नाचामुळेच चित्रात ते वेटोळं असतं. हे ऐकल्याशिवाय ते वेटोळं नक्षी वाटतं.

---

गोदाकाठ
रविवार, दुपारी १.०५

राग कसला, दादा. तुम्ही म्हणता ते अगदी खरं. धाकट्यांना काहीतरी सोपं द्यावं म्हणून मी ते घेतलं आणि सोपं म्हणून घेतलं हेच चुकलं. चौक लिहिताना गाणं चालू असतं हे मला माहीत नव्हतं. तुमच्या भागात तारपा ऐकायला मुलांना घेऊन आलो तर चालेल का? बोहाड्याच्या, म्हणजे मुखवटे घालून सोंगं काढायच्या उत्सवाच्या, वेळी आलो तर मुखवटेही बघता येतील.

---

नागलीभाकर
रविवार, दुपारी १.३०

या की. बोहाडा गावागावाप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी असतो, रात्रभर चालतो. लहानग्यांना झोप आवरत नाही, पण सोंगं निघाली की सगळी जागी होतात. तारीख कळली की इथेच लिहितो.

---

सातपूरकर
रविवार, दुपारी ३.१५

मी जरा वेगळं विचारतो. हे सगळं शाळेत जाणारी मुलंही शनिवारी करू शकतात. माझी दोन्ही मुलं शाळेत आहेत आणि सुट्टीत मामाकडे असंच काहीबाही करतात. मग शाळा सोडायची गरज काय? उद्या दहावीचं काय? कायद्यात बसतं का हे? खरंच जाणून घ्यायचंय, टोमणा नाही.

---

गोदाकाठ
रविवार, दुपारी ४.००

टोमणा वाटला नाही. शाळेतली मुलं हे करू शकतात, आणि करावंच. आम्ही शाळेच्या विरोधात नाही. सहापैकी चार घरांत कारणं वेगळी आहेत, ती त्यांची त्यांनी सांगावीत. आमच्या मुलीला ऐकायला त्रास होतो, गोंगाटात तिला काहीच उमगत नाही, म्हणून आम्ही हा रस्ता धरला.

परीक्षेचं सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. घरी शिकवण्यासाठी वेगळी तरतूद त्यात नाही, त्यामुळे आपल्याकडची घरं मुक्त शिक्षणाचा आधार घेतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. तिथे दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, आणि चित्रकला व हिंदुस्थानी संगीत हे विषय दहावीला घेता येतात. गाण्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासूनची परीक्षाही आहे. मोठा बारा वर्षांचा आहे, त्याची तयारी आम्ही आत्तापासून हळूहळू करतोय. हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही. दर महिन्याला एकदा तरी रात्री भीती वाटते.

---

सातपूरकर
रविवार, दुपारी ४.२०

स्पष्ट उत्तराबद्दल धन्यवाद. शनिवारी आमची मुलं आली तर चालतील का?

---

गोदाकाठ
रविवार, दुपारी ४.२२

आनंदाने!

---

पंचवटीतले आजोबा
रविवार, संध्याकाळी ७.४०

नाशकात राहून हे करता आहात तर बाहेर शोधायची गरज नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके आधी चित्रं, छायाचित्रं, छपाई, जादूचे प्रयोग यांत रमले आणि मग चित्रपटाकडे वळले. तीनही तास एकत्र करणारा आपल्या गावचाच माणूस. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे रामनाम आधार आश्रम इथे पंचवटीत काढला. मुलांना तिथवर चालत न्या.

आणि पांडवलेणी. सगळे जातात, पायऱ्या मोजतात, फोटो काढून येतात. तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख मुलांना दाखवाच. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. एका आईने आपल्या गेलेल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, नातवाच्या राज्यात कोरवून घेतलंय. त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले आहेत असं ती म्हणते. मी नातवंडांना दगडावर हात न लावता, हवेत बोटाने ती अक्षरं गिरवायला लावतो. नातीने विचारलं, "आजोबा, हे तिने रडत रडत सांगितलं असेल का?" मला उत्तर देता आलं नाही. परत येताना ती गाडीत काही बोलली नाही, घरी येऊन घोडे काढत बसली.

---

कोकणची सून
रविवार, रात्री ९.१०

चित्र उभं धरून गोष्ट सांगायची आणि मध्ये गायचं, याला माझ्या सासरी चित्रकथी म्हणतात! कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार करतात. एका गोष्टीच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सोबत वीणा, टाळ आणि हुडुक. परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या मुलांना कुणी शिकवलं नसताना ती तिथेच पोचली हे वाचून अंगावर काटा आला.

एक छोटीशी सूचना. चित्र बदलताना गाणं थांबवू नका. गाणं चालू असताना चित्र बदलायचं, म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष तुटत नाही.

---

नवी आई
रविवार, रात्री ११.५०

मी अजून ठरवतेय, मुलगा चार वर्षांचा आहे. इथलं वाचून धीर आला आणि थोडं दडपणही. मला ना गाता येत, ना चित्र काढता येत, ना गोष्टी सांगता येत.

---

मीठभाकर
सोमवार, सकाळी ६.३०

नवी आई, गोदाकाठने तरी काय केलं त्या दिवशी? वेळापत्रक मोडलं आणि बाजूला बसली. आजोबा, आजी, तांबट यांनी केलं. (ताई, हे मी कौतुकाने म्हणतेय.) तुमच्या इमारतीत एक तरी आजी असेल. तिला पुस्तक देऊ नका. "तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचात?" एवढंच विचारा.

---

गोदाकाठ
सोमवार, सकाळी ७.००

अगदी तसंच झालं, मीठभाकर. आणि नवी आई, चार वर्षांच्या मुलाला रोज रात्री तीच एक गोष्ट सांगितली तरी पुरते. तो चुका काढेल, तेव्हा समजा जमलं.

---

त्रिताल
सोमवार, दुपारी २.१०

त्या मुलाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझ्याकडे असे विद्यार्थी आलेत, गाताना चारचौघांत हसले म्हणून गप्प झालेले. माझा अनुभव इतकाच की बोलवू नये आणि विसरूही नये. त्याच्या हाताशी काहीतरी ठेवा, पण ते त्याच्यासाठी ठेवलंय असं दिसू देऊ नका. आणि तो जे करेल त्याची वाहवा करू नका. कागद फाडणाऱ्याने सगळ्यांदेखत फाडला, आता कौतुकही सगळ्यांदेखत झालं तर त्याला ते त्याच जातीचं वाटतं.

---

गोदाकाठ
गुरुवार, रात्री १०.३०

मधले दिवस इकडे येता आलं नाही. त्रिताल, तुमचं शेवटचं वाक्य मी त्याच्या आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आज काय झालं ते लिहिते. भेटल्यावर त्याने आजींना एकच प्रश्न विचारला. पाच दिवसांनी! "मोट वर आली की पाणी आपोआप कसं सांडायचं? वडील तर बैलांजवळ असायचे. विहिरीजवळ कोण होतं?"

हा प्रश्न आमच्यापैकी एकाही मोठ्या माणसाला पडला नव्हता. आजींनी सांगितलं की मोटेला खाली सोंड असते. मोट जाड नाड्याने बांधलेली, तो वरच्या चाकावरून जातो. सोंडेला वेगळी बारीक दोरी, सोंदूर, तो खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या रुळावरून. मोट विहिरीत असताना सोंड वर ओढलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. वर येता येता नाडा मोटेला वर नेतो आणि सोंदूर सोंडेला पुढे थारोळ्याकडे खेचतो, सोंड आडवी होते, पाणी बाहेर.

त्याने दुधाची रिकामी पिशवी घेतली, खालचा कोपरा कापून सोंडेसारखी नळी चिकटवली, सुतळीचा नाडा, शिवणाचा दोरा सोंदूर म्हणून, आणि दोन पेन्सिली चाक आणि कणा म्हणून दोन खुर्च्यांमध्ये आडव्या बांधल्या. पहिल्यांदा सगळं पाणी बादलीतच गळलं. दोरा लांब झाला होता. त्याने गाठ मारून आखूड केला. मग पिशवी अर्ध्यातच ओतायला लागली. आजी शेजारी स्टुलावर बसून नुसत्या बघत होत्या, मध्येच "हं" म्हणायच्या. आठ-नऊ वेळा झालं असेल. शेवटी पाणी ताटात पडलं, तेव्हा आजींनी हळूच ती चाल सुरू केली, आणि तो सुतळी धरून मागे मागे, उलट्या पावलांनी चालायला लागला.

आम्ही कुणी काही बोललो नाही. त्याने चित्र काढलं नाही, गायलाही नाही. पिशवी मोरीत वाळत घातली आणि घरी जाताना आईला म्हणाला की खरी मोट केवढी असते ते बघायचंय.

म्हणून आता ही विनंती. सिन्नर, निफाड, येवला, चांदवड, कुठेही कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात जुनी मोट पडून असेल तर कळवा. चामड्याचीच हवी. पुढे लोखंडी पत्र्याच्याही होत्या म्हणतात, पण आजी म्हणतात सोंड कळायला चामड्याची बघावी. आम्ही अकरा मुलं, सातपूरकरांची दोन, आणि आजी.

---

कोकणची सून
गुरुवार, रात्री १०.४८

चाल रेकॉर्ड केलीत ना?

---

गोदाकाठ
गुरुवार, रात्री १०.५०

हो. तीन वेळा. तिसऱ्या वेळी अर्धा शब्द आठवला त्यांना, "मोटंवरी" की "वाटंवरी", नक्की कळत नाही.

---

द्राक्षबागायतदार
शुक्रवार, सकाळी ५.४०

ताई, आमच्या जुन्या वाड्यावर आहे. गोठ्याच्या आढ्याला टांगलेली, माझ्या पणजोबांची. चामडं वाळून लाकडासारखं झालंय, वाकवायला जाऊ नका, तडकेल. पण सोंड शाबूत आहे आणि नाड्याचा तुकडाही. विहीर बुजवलेली नाही, धावेचा उतार अजून दिसतो, थारोळ्याचे दगड जागेवर आहेत. विहिरीला कठडा नाही, म्हणून दर दोन मुलांमागे एक मोठं माणूस आणा. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत या. आजींना धावेपर्यंत गाडीने नेता येईल, रस्ता कच्चा आहे पण जातो.

---

गोदाकाठ
शुक्रवार, सकाळी ५.५५

येतो. हंडाही आणतो.